वाघमाऱ्याची शोकसभा

आमच्या घराण्याला शिकारीची परंपरा आहे, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग विषय बदलतो. त्याचा दोष नाही. घरात झुरळ निघालं की मी स्टुलावर आणि सौ. चप्पल घेऊन खाली, ही आमची व्यूहरचना गेल्या पन्नास वर्षांत बदललेली नाही. तरीही परंपरा आहे. आमचे काका वर्ध्याला जंगल खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. शिकारीचे परवाने त्यांच्या टेबलावरून जात. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात एकही वाघ मारला नाही. दम्यामुळे मचाणावर चढता येत नसे आणि काकूमुळे रात्री आठनंतर घराबाहेर राहता येत नसे. पण कागदावर वाघ पाहावे तर काकांनीच.

त्या काळी वाघाला मारायलासुद्धा अर्ज करावा लागे. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. कोणता ब्लॉक, किती दिवस, कोणती जनावरं आणि किती, त्याची फी काय, हे सगळं परवान्यावर लिहिलेलं असे. अर्ज अपुरा असला की काका तो परत पाठवत. "माझ्यामुळे चार-दोन वाघ तरी वर्ष-दोन वर्षं जास्त जगले असतील," असं ते अभिमानानं म्हणत. व्याघ्रसंरक्षणाचं हे कार्य सरकारी खाक्याला जमण्याजोगं होतं आणि त्याला एक पैसाही खर्च आला नाही.

परवान्याच्या निमित्तानं शिकारी नावाची जमात काकांनी जवळून पाहिली. त्यांचं एक ठाम निरीक्षण होतं. जिवंतपणी वाघ जेवढा असतो, त्यापेक्षा मेल्यावर तो वाढतो. पहिल्या वर्षी नऊ फुटी असतो. दिवाळीच्या फराळापर्यंत साडेनऊ होतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर दहा फूट ओलांडतो. मोजण्याच्या रीतीही दोन. वाघ आडवा पाडून नाकापाशी एक खुंटी आणि शेपटीच्या टोकापाशी एक खुंटी ठोकायची आणि मधलं अंतर घ्यायचं, ही एक. अंगाच्या चढउतारांवरून टेप फिरवत न्यायचा, ही दुसरी. दुसऱ्या रीतीनं वाघ काही इंचांनी मोठा भरतो, म्हणून बहुतेकांना तीच शास्त्रशुद्ध वाटे. बड्या लाटसाहेबांसाठी अकरा इंचांचा फूट असलेला खास टेप काढत, असंही काका सांगत. ही गोष्ट खरी नसावी. पण हेडक्लार्कच्या तोंडून ती खरी वाटे.

नागपूर जवळ असल्यामुळे आम्हांला खास धंदेवाईक शिकारीही माहीत होते. पन्नाशीच्या दशकात तिथे शिकारीच्या कंपन्या होत्या. मॉरिस कॉलेजातून पदवी घेतलेल्या विद्याचरण शुक्लांनी ॲल्विन कूपर नावाची अशीच एक कंपनी काढली होती. तेच पुढे दिल्लीत मंत्री झाले. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात न्यायचं, तंबू, स्वयंपाकी, मचाण, हाकारे, आमिषाचा रेडा अशी सगळी सोय करायची आणि वाघ समोर आणून द्यायचा, असा तो व्यवसाय. तेव्हा ते कायदेशीर होतं आणि प्रतिष्ठेचंही. पाहुणा एकदा चाप ओढे आणि आपल्या देशी जाऊन जन्मभर शिकारी म्हणून मिरवे.

या सगळ्या मंडळींबद्दल काकांना ममत्व नव्हतं. त्यांचा माणूस एकच. जिम कॉर्बेट. १९४४ साली निघालेलं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक त्यांनी डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचलं होतं. पाठ झालं तेव्हा डिक्शनरी खाली ठेवली. त्यांच्या प्रेमाचं कारण मात्र शौर्य नव्हतं, कारकुनी होतं.

"अरे, हा माणूस धंद्यानं शिकारी नव्हेच," ते मला सांगत. "मोकामा घाटावर रेल्वेचा माल एका गाडीतून उतरवून नदीपार करायचं कंत्राट होतं त्याचं. वीसेक वर्षं कोळसा वाहिला. नरभक्षक उठला की सरकार बोलवायचं. मग हा काय करायचा? आधी दोन अटी घालायचा. वाघावरचं इनाम रद्द करा आणि बाकीचे शिकारी जंगलातून काढा. एक म्हणजे पैशासाठी मारतो असं कुणी म्हणायला नको आणि दुसरं म्हणजे चुकून कुणाची गोळी लागायला नको. अटी मान्य झाल्या तर निघणार. याला म्हणतात पत्रव्यवहार!"

चंपावतच्या वाघिणीची हकिकत तर त्यांना विशेष प्रिय होती. नेपाळात दोनशे आणि कुमाऊँत दोनशे छत्तीस, अशी चारशे छत्तीस माणसं तिच्या नावावर. १९०७ साली कॉर्बेट तिच्यामागे गेला. तिथल्या तहसीलदारानं हाका घालण्यासाठी दोनशे अठ्ठ्याण्णव माणसं गोळा केली आणि बिनपरवान्याच्या बंदुकांकडे त्या दिवसापुरती डोळेझाक केली. ऐन वेळी कॉर्बेटची काडतुसं संपली. समोर जखमी वाघीण. तेव्हा त्यानं धावत जाऊन तहसीलदाराच्या हातातली जुनी बंदूक घेतली. तिच्या नळीत आणि दस्त्यात बोटभर फट होती. त्या बंदुकीची गोळी वाघिणीच्या पंजाला लागली, पण वाघीण तोवर आधीच्या जखमांनी संपत आली होती. "रेव्हेन्यू खात्याची बंदूक ती," काका म्हणत, "पण रेकॉर्डवर आली ना?"

१९ एप्रिल १९५५ला कॉर्बेट केनियातल्या नायेरी गावी वारला. १९४७च्या अखेरीस तो आणि त्याची बहीण मॅगी हिंदुस्थान सोडून तिकडे राहायला गेली होती. जन्म नैनीतालचा, वय जवळजवळ ऐंशी. बातमी काकांनी वाचली, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "शोकसभा घ्यायची."

आता ही शोकसभा वर्ध्यात घ्यायची, यातली अडचण वाचकांच्या ध्यानात आली असेल. १९३६पासून गांधीजींचं सेवाग्राम हाकेच्या अंतरावर, पवनारला विनोबांचा आश्रम. आमच्या गावात ढेकूण मारणारासुद्धा आधी इकडेतिकडे बघून घेई. शिवाय १९५५ साली वर्धा मध्य प्रदेशात होतं. पुढच्याच वर्षी आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. घराचा उंबरठा न ओलांडता तीन राज्यांत राहिलेली माणसं आम्ही. तेव्हा सरकार कुणाचं याबद्दल गोंधळ चाले. पण अहिंसेबद्दल नाही.

आमच्या शेजारी एक गुरुजी राहत. अंगावर स्वतः कातलेली खादी, पायांत आश्रमातल्या चपला. त्यांनी काकांना फाटकातच गाठलं.

"हेडक्लार्कसाहेब, ऐकतो ते खरं? ज्यानं जन्मभर जीव घेतले, त्याला वर्ध्यात श्रद्धांजली?"

"त्यानं जीव वाचवलेही आहेत, गुरुजी."

"सेवाग्रामला बापूंनी साप पकडायचा लाकडी चिमटा ठेवला होता. धरायचा, पेटीत घालायचा, लांब नेऊन सोडायचा. मारायचा नाही. हा मार्ग!"

काकांनी क्षणभर विचार केला. "चिमटा मी पाहिलाय," ते म्हणाले. "वाघाला जरा अपुरा पडेल."

गुरुजी रागावून गेले. पण जाताना "पुस्तक आहे का तुमच्याकडे?" असं विचारून 'मॅन-ईटर्स' घेऊन गेले. शत्रूचा ग्रंथ वाचल्याशिवाय खंडन करू नये, असा त्यांचा नियम होता.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या खोलीत सभा भरली. एप्रिलअखेरचं वर्ध्याचं ऊन. खोलीत वाळ्याचा माठ ठेवलेला. हजेरी नऊ. त्यांतले तीन माठासाठी आले होते, एक नेहमीप्रमाणे पेपर वाचत बसला होता आणि मी आठ वर्षांचा असल्यामुळे माझी मोजदाद करावी की नाही, यावर मतभेद होते. हिंगणीकडचा एक म्हातारा काकांच्या घरी लाकडं घेऊन आला होता, तोही दाराशी टेकला. तरुणपणी साहेबलोकांच्या हाक्यावर जायचा तो.

शोकसभा म्हणजे हार, उदबत्ती आणि 'पोकळी' हा शब्द, एवढं मला ठाऊक होतं. काकांकडे यांतलं काहीच नव्हतं. त्यांनी सरकारी फुलस्केप कागदावर एक तक्ता आखून आणला होता, कार्बन घालून तीन प्रतींत. चार रकाने होते. ठिकाण. बळी. वाघ माणसावर का उलटला. जबाबदार कोण.

काकांनी वाचायला सुरुवात केली. चंपावतची वाघीण. बळी चारशे छत्तीस. मेल्यावर कॉर्बेटनं तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले, खालचा तर पार हाडापर्यंत. कुणाच्या तरी बंदुकीच्या जुन्या गोळीनं. त्या दिवसापासून तिला नेहमीची शिकार पकडता येईना. जबाबदार : अर्धवट गोळी घालून घरी जाऊन जेवलेला कुणी शिकारी.

मुक्तेसरची वाघीण. साळिंदराशी झुंजताना एक डोळा गेलेला, पुढच्या पायात पन्नासेक काटे घुसलेले. त्या पायानं चालणं मुश्कील. जबाबदार : कुणी नाही. साळिंदर.

"अशी प्रत्येकाची चौकशी केली त्यानं," काका म्हणाले. "वाघ क्रूर असतो, रक्तपिपासू असतो, असं लिहून मोकळा झाला नाही. मारलेल्या जनावराची बाजू मारणाऱ्यानं लिहून ठेवली. माझ्या नोकरीत शेकडो परवाने परत आले. 'वाघ एक, मारला' एवढंच लिहिलेलं असतं. का मारला, हा रकानाच नाही फॉर्मात!"

तेवढ्यात गुरुजी उभे राहिले. हातात पुस्तक. मधे खुणेसाठी पेळू ठेवलेला.

"एक प्रश्न. पोवळगढचा तो प्रचंड वाघ. १९३० साली यानं मारला. चढउतारांवरून दहा फूट सात इंच भरला, असं अभिमानानं लिहिलंय. त्या वाघानं कुणाला खाल्लं होतं?"

खोलीत शांतता. पेपरवाल्यानंसुद्धा पेपर खाली केला. काकांनी चष्मा काढला.

"कुणालाच नाही," ते म्हणाले.

"मग तुमच्या तक्त्यात काय लिहिलंय?"

काकांनी कागद पुढे केला. पोवळगढ. बळी : नाही. तिसरा रकाना कोरा. चौथ्यात लिहिलं होतं, 'स्वतः कॉर्बेट'.

"त्यानं लपवलं नाही," काका म्हणाले. "मग मी कसं लपवू? पुढे त्यानं बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त चालवला, हे खरंय. वाघ संपत चाललेत म्हणून ओरडत राहिला, हेही खरंय. पण म्हणून हा रकाना भरत नाही."

गुरुजींनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. तेव्हा दाराशी टेकलेला म्हातारा एकदम बोलला.

"साहेब, एक पुसू का जी? आमच्यावाल्या हाक्यात एक गडी मेला होता. वाघ हाक्यातून मांगं फिरला अन् त्याच्यावर पडला. वाघाचा फोटो निंगाला. गड्याचं नाव कोनी लिवलं नाही. या साहेबानं लिवलं का जी, अशा मानसाईचं?"

काकांनी त्याला 'माय इंडिया'बद्दल सांगितलं. १९५२ साली कॉर्बेटनं अख्खं पुस्तक इथल्या गरीब माणसांवर लिहिलं. मोकामा घाटावरचे हमाल, गावातले शेतकरी, त्यांची नावंगावं, त्यांचे उपकार. वाघाची शिकार त्यात जवळजवळ नाहीच.

"मंग मानूस चांगला होता," म्हातारा म्हणाला आणि आधीच उभा असल्यामुळे आणखी ताठ उभा राहिला.

गुरुजी मात्र खाली बसले. काकांचा चेहरा उतरला. दोन मिनिटं उभं राहण्याची वेळ झाली, सगळे उठले, गुरुजी बसलेलेच. मग ते हळूच म्हणाले, "मी त्याच्यासाठी उठत नाही. दात मोडलेल्या त्या वाघिणीसाठी उठतो. आणि त्या चारशे छत्तिसांसाठी." आणि उठले. काकांनी इतिवृत्तात लिहिलं : 'ठराव एकमताने मंजूर. गुरुजींचे कारण वेगळे नोंदवावे.'

एक प्रत वाचनालयाला, एक नायेरीला पाठवण्यासाठी. केनियाच्या टपालखर्चावरून काका-काकूंची जी सभा झाली, तिचं इतिवृत्त उपलब्ध नाही. तिसरी प्रत काकांकडे राहिली आणि त्यांच्यानंतर माझ्याकडे आली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशात वाघ निघाले अठराशे सत्तावीस. शिकारीच्या कंपन्या मिटल्या. १ एप्रिल १९७३ला व्याघ्रप्रकल्पाची सुरुवात झाली ती कॉर्बेटच्या नावाच्या उद्यानातून. एका शिकाऱ्याच्या नावाच्या जंगलात शिकार संपल्याचा समारंभ. काका असते तर त्यांनी यावर स्वतंत्र टिपण ठेवलं असतं.

आमच्या जिल्ह्यातलं बोरचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. बोर धरणाच्या आसपासचं, एकशे अडतीस चौरस किलोमीटरचं, देशातल्या अगदी लहान प्रकल्पांपैकी एक. एवढ्याशा जागेत वाघ मावणार किती? आपण दोन खोल्यांत पाहुणे ठेवतो, पण पाहुण्याला सकाळी चहा पुरतो. वाघाला रानडुक्कर आणि सांबर लागतं, शिवाय स्वतःची हद्द लागते.

२०१७च्या जुलैमध्ये तिकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण पकडली. गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला आणि तिला आणून सोडलं आमच्या बोरमध्ये. पेपरात वाचलं तेव्हा मला गुरुजी आठवले. धरायचा, पेटीत घालायचा, लांब नेऊन सोडायचा. त्यांचा चिमटा शेवटी वाघाला पुरला होता. फक्त 'लांब' म्हणजे कुणाच्या तरी 'जवळ' असतं, हे सापाच्या बाबतीत आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

वाघीण बोरमध्ये राहिली नाही. शेतांतून, नाल्यांतून शेकडो किलोमीटर हिंडली. पुन्हा माणसं मेली. कापसाचे दिवस, बाया शेतात कशा जाणार? गावंच्या गावं दारं लावून बसली. तिला गोळी घालण्याचा हुकूम निघाला, त्याविरुद्ध लोक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. बंदूकवाले आले. आमच्या कट्ट्यावर रोज दोन तट पडत. मारा म्हणणारे आणि वाचवा म्हणणारे. मारा म्हणणाऱ्यांचं शेत होतं आणि वाचवा म्हणणाऱ्यांचा बंगला होता, एवढं मी ऐकून घेत होतो. मी कुठल्या तटात होतो? माझं शेतही नाही आणि बंगलाही नाही. मी काकांच्या तटात होतो. मारायचीच वेळ आली तर मारणारा असा असावा, की त्यानं नंतर तिचं तोंड उघडून बघावं आणि जे दिसेल ते खरंखरं लिहून ठेवावं.

पण मारणारा कुणी आलाच नाही. ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यात एका शेताच्या तारेत सोडलेल्या विजेचा झटका लागून वाघीण मेली. ती तार तिच्यासाठी नव्हतीच. रोही आणि रानडुकरं रातोरात उभं पीक झोपवतात. शेतकरी तरी किती रात्री जागणार? म्हणून तारेत वीज सोडतात. हे बेकायदा आहे हे त्यालाही ठाऊक असतं आणि कर्जाचा हप्ताही ठाऊक असतो. हुकूम, कोर्ट, नेमबाज, सगळं राहिलं बाजूला. एका रात्रीत प्रकरण मिटलं आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या.

मी घरी येऊन काकांची ती तिसरी प्रत काढली. कार्बनची अक्षरं फिकी झाली आहेत, पण तक्त्याच्या तळाशी दोन ओळींची जागा शिल्लक आहे. पेन घेतलं. ठिकाण : जिल्हा वर्धा. बळी : या रकान्यात दोन्हीकडचे लिहिले, माणसं आणि वाघीण. वाघ माणसावर का उलटला : इथे बराच वेळ थांबलो आणि 'जागा कमी' एवढं लिहिलं. जबाबदार कोण : या रकान्यावर पेन ठेवलं आणि एकेक नाव मनात येऊ लागलं. शेतकरी, डुक्कर, खातं, कोर्ट, कट्टा, मी. रकाना अर्ध्या इंचाचा. मावेना.

कागद तसाच ठेवला आणि उठून उभा राहिलो. किती वेळ झाला कोण जाणे. सौ. स्वयंपाकघरातून आल्या.

"असे का उभे? झुरळ आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "दोन मिनिटं."

त्यांनी टेबलावरचा पेपर पाहिला, मग काकांचा कागद पाहिला. हातातली कपबशी खाली ठेवून त्याही शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "झाली दोन मिनिटं. बसा आता, चहा निवतोय."